खेळ पूर्ण करायला शिकवणारी पदवी

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील डंडी शहरात अबर्टे विद्यापीठाने १९९७ साली संगणकीय खेळ तयार करण्याचे शिक्षण देणारी पदवी सुरू केली. अशा प्रकारची ही जगातील पहिली पदवी, असे ते विद्यापीठ सांगते. त्याआधी तीन वर्षे कॅनडात व्हँकुव्हरला डिजिपेन या संस्थेने निन्टेन्डोच्या साहाय्याने गेम प्रोग्रामिंगचे वर्ग सुरू केले होते, त्यामुळे पहिलेपणाच्या मानावर दोघेही हक्क सांगू शकतील. मला मात्र डंडीची हकिगत पुनःपुन्हा आठवते ती तिथल्या घटनांच्या क्रमामुळे. तिथे आधी कारखाना आला, मग नोकऱ्या गेल्या, मग खेळ आले आणि सगळ्यांत शेवटी पदवी आली.

डंडी हे मूळचे तागाचे गाव. बंगालमधून जहाजांनी येणाऱ्या तागावर तिथल्या गिरण्या चालत असत, आणि तो धंदा बसत गेल्यावर ज्या कारखान्यांनी शहराला हात दिला त्यांत टायमेक्सचा घड्याळांचा कारखाना होता. १९८२ पासून याच कारखान्यात झेडएक्स स्पेक्ट्रम हा छोटा, स्वस्त घरगुती संगणक तयार होऊ लागला आणि साहजिकच तो शहरातल्या पुष्कळ घरांत पोचला. किंग्जवे तंत्रमहाविद्यालयात हौशी मुलांचा एक संगणक क्लब भरत असे. तिथे डेव्हिड जोन्स, माइक डेली, रसेल के आणि स्टीव्ह हॅमंड ही मुले एकमेकांना भेटली. जोन्स टायमेक्समध्येच कामाला होता. नोकरी सुटताना हाती आलेल्या पैशांतून त्याने अमिगा संगणक विकत घेतला आणि पुढे या मित्रमंडळींतून डीएमए डिझाइन ही कंपनी उभी राहिली. त्यांचा ‘लेमिंग्ज’ हा खेळ १९९१ साली आला. त्याचे बीज अगदी लहान होते: आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटीत चालता माणूस बसवता येतो का, हे डेलीने जेवणाच्या सुटीत करून पाहिले होते. १९९७ साली याच कंपनीचा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ आला. जोन्स ज्या डंडी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकला होता, तिचेच १९९४ साली अबर्टे विद्यापीठ झाले होते. त्यामुळे विद्यापीठाने पदवी काढली तेव्हा गेम बनवणारी माणसे शहरात होती, त्यांना मदतीला आणखी माणसे हवी होती, आणि ती कशी हवीत हे विचारायला फार लांब जावे लागत नव्हते.

मी पुण्यात एका गेम स्टुडिओत प्रोग्रामिंगचे काम करते आणि गेली काही वर्षे शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी बाह्य परीक्षक म्हणून महाविद्यालयांत जाते. आपल्याकडे सध्या हा क्रम उलटा लागतो आहे, असे मला तिथे बसून जाणवत राहते. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी कृती दल नेमण्याची घोषणा झाली. पाठोपाठ मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही राष्ट्रीय संस्था आली आणि २०२५ साली महाराष्ट्र सरकारनेही या क्षेत्राचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. ज्या कामाकडे माझ्या घरच्यांनीसुद्धा बराच काळ पोरखेळ म्हणून पाहिले, त्याला सरकारदरबारी मान मिळतो आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पण अभ्यासक्रमांच्या जागा ज्या वेगाने वाढत आहेत, त्या वेगाने नव्या मुलांना कामावर घेणारे स्टुडिओ वाढताना मला दिसत नाहीत, आणि मधल्या फटीत सापडतात ती विशीतली मुले.

इथे उद्योगच नाही, असे मात्र मुळीच नाही. डंडीत पदवी सुरू झाली त्याच १९९७ साली बंगळुरूत ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी सुरू झाली होती. पुण्यात यूबीसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी’ हा खेळ २०२० साली जगभर प्रसिद्ध केला, तोही लोकवर्गणीची मोहीम आधी अपयशी ठरलेली असताना. तरीही भारतातल्या कामाचा मोठा वाटा अजून परदेशी कंपन्यांसाठी केलेल्या कामाचा आहे. गाड्यांची, झाडांची, शस्त्रांची थ्रीडी मॉडेल तयार करणे, एका यंत्रावरचा खेळ दुसऱ्या यंत्रावर चालता करणे, बग शोधणे, अशी ती कामे आहेत. ही कामे कौशल्याची आहेत आणि त्यांतून माणूस घडतो, पण प्रवेशाच्या वेळी मुलांना जे चित्र दाखवले जाते त्यात ती कुठेच नसतात. चार वर्षे स्वतःच्या कथेचा नायक रंगवलेल्या मुलाला पहिल्या नोकरीत दुसऱ्याच्या गाडीचे दार सहा महिने घासूनपुसून काढावे लागते, आणि हे त्याला कोणी आधी सांगितलेले नसते.

परीक्षक म्हणून गेल्यावर मी काय पाहते ते थोडे तपशिलाने सांगायला हवे. प्रकल्प बहुधा देखणा असतो. अंधारे जंगल, धुके, मशाली, मागून येणारे संगीत. हे बरेचसे तयार सामान इंजिनच्या, म्हणजे ज्या तयार सॉफ्टवेअरवर खेळ उभारतात त्याच्या, ऑनलाइन दुकानातून घेतलेले असते आणि त्याला माझी हरकत नाही, कारण आम्हीही तेच करतो. मी कोड उघडायला सांगते. एका प्रकल्पात पहारेकरी खेळाडूला ‘पाहतो’ आणि पाठलाग सुरू करतो. त्यासाठी लिहिलेली ओळ पहारेकऱ्याच्या नजरेची आणि खेळाडूकडची अशा दोन दिशांचा डॉट गुणाकार, म्हणजे त्यांच्यामधल्या कोनाची कोसाइन किंमत, काढते आणि उत्तर ०.५ पेक्षा जास्त आले तर पहारेकऱ्याला जागा करते. मी विचारते, ‘हे ०.५ कुठून आलं?’ मुलगा म्हणतो, ‘मॅडम, ट्यूटोरिअलमध्ये तेवढंच होतं.’ ०.५ ही ६० अंशांची कोसाइन किंमत आहे, म्हणजे पहारेकऱ्याची नजर समोरच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साठ-साठ अंश पसरली आहे, हे त्याला अकरावीच्या त्रिकोणमितीने केव्हाच शिकवलेले होते. नजर अरुंद करायची असेल तर काय बदलशील, असे विचारल्यावर तो आकडा कमी करतो आणि पहारेकऱ्याला उलट जास्तच दिसू लागते. मग आम्ही दोघे कागदावर आकृती काढतो आणि त्याचा चेहरा उजळतो. तो मुलगा हुशार आहे. त्याला चार वर्षांत कोणी ती आकृती काढायला बसवले नाही, एवढाच प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यात शत्रूंचे विचार, टकरी, आवाज, प्रकाश आणि चित्र रंगवणे हे सगळे उरकायचे असते. मुलांचे खेळ त्यांच्या महागड्या लॅपटॉपवर सुरळीत चालतात आणि परीक्षेच्या खोलीतल्या संगणकावर अडखळतात. खेळाच्या कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते मोजणारा प्रोफायलर उघडला की आलेखात ठरावीक अंतराने उंच सुळके दिसतात. कारण बहुधा साधेच असते: प्रत्येक शत्रू प्रत्येक चित्राला सगळ्या दृश्यात खेळाडूला नव्याने शोधत असतो, किंवा प्रत्येक गोळी नव्याने जन्माला घालून लगेच मारली जात असते आणि तो कचरा आवरायला इंजिन मध्येच थांबते. यावर उपाय शिकवायला एक तास पुरतो, पण प्रोफायलर उघडून पाहायची सवय मात्र पहिल्या वर्षापासून लावावी लागते. अनेक महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात ही खिडकी उघडण्याचा प्रसंगच येत नाही.

याचे मूळ मला अभ्यासक्रमाच्या रचनेत दिसते. पुष्कळ ठिकाणी विषयांची नावेच सॉफ्टवेअरची असतात. या सत्रात माया हे थ्रीडी सॉफ्टवेअर, पुढच्या सत्रात युनिटी हे गेम इंजिन, त्यानंतर अनरियल हे दुसरे इंजिन. ‘इंडस्ट्री-रेडी’ या शब्दाचा अर्थ कोणते बटण कुठे आहे ते माहीत असणे, असा लावला गेला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी कंपनीने खेळ जितक्या वेळा बसवला जाईल त्यानुसार शुल्क आकारण्याची घोषणा केली तेव्हा जगभरचे छोटे स्टुडिओ रातोरात दुसऱ्या इंजिनांचा विचार करू लागले. कंपनीने वर्षभराने ते शुल्क मागे घेतले, पण तेवढ्या काळात कोणाचे शिक्षण किती खोल आहे ते उघडे पडले. ज्यांना सदिश, मेमरी आणि डेटाची मांडणी कळत होती ते थोड्या दिवसांत गोडो या मोफत इंजिनवर काम करू लागले. ज्यांना फक्त युनिटीच्या खिडक्या माहीत होत्या त्यांना पुन्हा पहिलीत बसावे लागले.

ब्रिटनमध्ये ही चर्चा आपल्या बरीच आधी होऊन गेली आहे. डंडीच्या यशानंतर तिथल्या अनेक विद्यापीठांनी गेमच्या पदव्या काढल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच पदव्यांतून बाहेर पडणारी मुले कामाला उपयोगी पडत नाहीत, अशी उद्योगाची तक्रार वाढत गेली. गेम उद्योगातले इयन लिव्हिंगस्टन आणि व्हिज्युअल इफेक्ट्समधले ॲलेक्स होप यांनी २०११ साली यावर अहवाल दिला. उद्योगाकडून आणखी सॉफ्टवेअर शिकवण्याचा सल्ला येईल अशी कोणाची अपेक्षा असेल तर त्या अहवालाने ती खोटी ठरवली. त्याचा भर होता गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र आणि चित्रकला यांवर. शाळेत वर्ड-एक्सेल वापरायला शिकवण्याऐवजी प्रोग्रामिंग शिकवा, अशी त्याची मागणी होती, आणि २०१४ पासून इंग्लंडच्या शालेय अभ्यासक्रमात तो बदल झालाही. गेमच्या पदवीची चिंता करता करता ती माणसे शाळेपर्यंत मागे गेली, ही मला त्या अहवालातली सगळ्यांत प्रामाणिक गोष्ट वाटते.

तरीही केवळ गणित पक्के असून भागत नाही. तसे असते तर नेहमीची संगणकशास्त्राची पदवी पुरली असती आणि गेमच्या वेगळ्या पदवीची गरजच उरली नसती. माझ्या मते या पदवीने एकच गोष्ट अशी द्यायची असते जी दुसरी कोणतीही पदवी देत नाही, आणि ती म्हणजे चारचौघांबरोबर एक छोटा खेळ पूर्ण करून अनोळखी माणसाच्या हातात देण्याचा अनुभव. तोही एकदा शेवटच्या वर्षी नको, दर वर्षी हवा.

डिजिपेन १९९८ साली अमेरिकेत रेडमंडला गेली. तिथल्या विद्यार्थ्यांनी २००५ साली ‘नारबॅक्युलर ड्रॉप’ नावाचा खेळ केला. भिंतीवर दोन दारे उघडायची, एकातून आत गेले की दुसऱ्यातून बाहेर यायचे, एवढीच त्याची कल्पना. तो पाहून व्हॉल्व्ह कंपनीने त्या सगळ्या चमूला कामावर घेतले आणि त्यातून २००७ साली ‘पोर्टल’ आला. ही कथा सर्वत्र सांगितली जाते, पण त्या खेळातला मला आवडणारा तपशील फारसा कोणी सांगत नाही. त्यातल्या राजकन्येचे नावच ‘नो-नीज’, म्हणजे तिला गुडघेच नाहीत, म्हणून तिला उडी मारता येत नाही. उडी गेली की उडीचे ॲनिमेशन गेले, उडीतून येणारे शंभर बग गेले, आणि खेळाडूपुढे दारांखेरीज दुसरा मार्गच उरला नाही. काय करायचे नाही हे त्या मुलांनी ठरवले आणि त्या नकारातून खेळाची ओळख तयार झाली. खेळ लहान होता, दिसायला साधा होता, पण पूर्ण होता. आमच्याकडे अर्ज येतात त्यांत वीस लेव्हलच्या महाकाव्याची पहिली दीड लेव्हल घेऊन येणारी मुले पुष्कळ असतात. दहा मिनिटांचा, पण सुरुवातीच्या पडद्यापासून शेवटापर्यंत न कोसळता चालणारा खेळ घेऊन येणारे फार थोडे, आणि त्यांना आम्ही आवर्जून मुलाखतीला बोलावतो.

पूर्ण करण्यातला अवघड भाग म्हणजे दुसऱ्याला खेळताना पाहणे. मी महाविद्यालयात शक्य असेल तेव्हा हे करायला लावते. खेळ बनवणाऱ्या मुलीला मागे उभे करायचे, दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्याला खुर्चीत बसवायचे, आणि तिने एक अक्षरही बोलायचे नाही. खेळणारा दाराजवळ जातो, दार उघडत नाही, तो परत फिरतो. किल्ली त्याच्या पायाशी पडलेली असते. मुलीचे ओठ हलतात, हात अर्धवट पुढे येतो. तो दुसऱ्यांदा दाराशी जातो आणि वैतागून उठतो. किल्लीवर पुरेसा प्रकाश नाही हे महिनाभर तिला दिसले नव्हते, कारण किल्ली कुठे आहे ते तिला माहीत होते. त्या काही मिनिटांत ती जे शिकते ते गेम डिझाइनच्या कोणत्याही व्याख्यानात सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी ती किल्लीजवळ एक दिवा ठेवते, एवढेच.

अबर्टेने हे ओळखले होते असे मला वाटते. तिथून चालवली जाणारी ‘डेअर टू बी डिजिटल’ ही स्पर्धा याच विचारावर उभी होती. प्रोग्रामर आणि चित्रकार अशा विद्यार्थ्यांचे मिश्र चमू उन्हाळ्यात काही आठवडे एकत्र बसून खेळ तयार करत आणि शेवटी तो शहरातल्या सामान्य लोकांपुढे खेळायला मांडत. आपल्याकडे संगणकशास्त्राची मुले एका इमारतीत, ॲनिमेशनची दुसऱ्या इमारतीत, आणि कधी कधी तर दोन वेगळ्या विद्यापीठांच्या छत्राखाली असतात. त्यांची पहिली भेट नोकरीत होते, आणि एकमेकांच्या फायलींवर चुकून लिहून टाकण्याचा पहिला प्रसंगही तिथेच घडतो. अनेकांनी एकाच फायलीत केलेले बदल सांभाळणाऱ्या गिटवर भांडण कसे मिटवायचे, चित्रकाराने दिलेले मॉडेल जड आहे हे त्याचा अपमान न करता कसे सांगायचे, सहकाऱ्याने काम वेळेत दिले नाही तर काय कापायचे, हे सगळे महाविद्यालयात शिकणे स्वस्त पडते.

शिकवणार कोण, हा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. ज्यांनी खेळ प्रसिद्ध केले आहेत त्यांच्याकडे नेट किंवा पीएचडी नसते, आणि ज्यांच्याकडे ती असते त्यांनी बहुधा एकही खेळ बाजारात आणलेला नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय करून अनुभवी व्यावसायिकांना औपचारिक पात्रतेशिवाय शिकवण्याची वाट मोकळी केली. पण त्यासाठी १५ वर्षांचा अनुभव लागतो, आणि आपल्याकडचा उद्योगच इतका तरुण आहे की एवढा अनुभव असलेली माणसे मोजकी आहेत आणि ती आपापल्या स्टुडिओत अडकलेली आहेत. म्हणून ओझे पडते ते तासिका तत्त्वावर येणाऱ्या तरुण शिक्षकांवर. त्यांतले काही जण मनापासून शिकवतात आणि मिळणाऱ्या मानधनात प्रवासखर्चही धड निघत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. संगणकांच्या चकाचक प्रयोगशाळेवर खर्च करणाऱ्या संस्थांनी त्यातला थोडा पैसा या माणसांवर खर्च करावा, असे मला कळकळीने वाटते.

आणि मुलांना तयार करायचे म्हणजे कोणत्या उद्योगासाठी तयार करायचे, हेही स्पष्ट सांगायला हवे. डंडीत डेव्हिड जोन्सनेच पुढे उभारलेली रिअलटाइम वर्ल्ड्स ही कंपनी तिचा मोठा खेळ बाजारात आल्यानंतर काही आठवड्यांतच, ऑगस्ट २०१० मध्ये, दिवाळखोरीत गेली. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम विभागातून सुमारे १,९०० आणि पुढच्याच महिन्यात सोनीने प्लेस्टेशन विभागातून सुमारे ९०० माणसे कमी केली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्या खेळांमुळे उद्ध्वस्त झालेली घरे पाहता मला तो कायदा योग्यच वाटतो, पण अनेक कंपन्यांतली तरुण प्रोग्रामर आणि डिझायनर मंडळी त्यामुळे अचानक घरी बसली, हेही खरे आहे. या क्षेत्रात काम करणाऱ्याला कारकिर्दीत एकदा तरी हे सोसावे लागते. डंडीचे वैशिष्ट्य असे की रिअलटाइम वर्ल्ड्स गेल्यावरही बरीच माणसे शहरातच राहिली आणि त्यांनी छोटे स्टुडिओ काढले. त्यांना खेळ अथपासून इतिपर्यंत करता येत होता आणि एकमेकांची ओळख महाविद्यालयापासूनची होती, म्हणून ते जमले.

प्रवेशाच्या दिवसांत पालकांचे फोन येतात. साताऱ्याकडची एक आई म्हणाली, ‘मॅडम, बारावीला चांगले मार्क पाडलेत ह्याने. इंजिनिअरिंगला सहज लागला असता. आता म्हणतो गेमचंच करणार. पुढं नोकरी लागेल ना ह्याला?’ अशा वेळी खोटा धीर देणे मला जमत नाही आणि मुलाला परावृत्त करणेही योग्य वाटत नाही. मी त्यांना महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी मागायला सांगते. गेल्या वर्षीच्या मुलांनी पूर्ण केलेले खेळ तिथल्याच संगणकावर स्वतः खेळून पाहा, मुलालाही खेळू द्या, आणि ध्वनिचित्रफीत दाखवली तर नको म्हणा. तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलांपैकी चार जणांशी बोलायला द्या म्हणावे, आणि ती चार कोण हे संस्थेला ठरवू देऊ नका. आणि शिकवणाऱ्यांपैकी कोणाचे नाव कोणत्या प्रसिद्ध खेळाच्या श्रेयनामावलीत आहे, ते विचारा. त्या आईने तिन्ही गोष्टी विचारल्या. एका संस्थेत तिला माहितीपुस्तिका देऊन परत पाठवले. दुसऱ्या संस्थेत एका तरुण शिक्षकाने प्रयोगशाळा उघडून दिली आणि मायलेक दुपारभर मुलांचे खेळ खेळत बसले. त्यांतला एक मध्येच बंद पडला तेव्हा तो का पडला, हेही त्या शिक्षकाने मुलाला तिथेच कोड उघडून समजावले. मुलाने तिथे प्रवेश घेतला आहे.